नोंद सासरी, बाळंतपण माहेरी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटातील कागदपत्रांच्या पिशवीत एक घडीचे कार्ड जपून ठेवलेले असेल. त्यावर आईचे नाव, शेवटच्या पाळीची तारीख, दर तपासणीचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन लिहिलेले असते. पुढच्या पानांवर बाळाच्या वजनाचा आलेख आणि लसींच्या तारखा असतात. त्याचे नाव ‘माता व बाल संरक्षण कार्ड’. मूल शाळेत जाऊ लागले की हे कार्ड विस्मरणात जाते. आजच्या लेखात या साध्या कार्डाच्या निमित्ताने आपल्या राज्याची सार्वजनिक आरोग्य यंत्रणा कशी रचलेली आहे, तिचे काम कोठे सुरळीत चालते आणि कोठे अडते, हे पाहू.

हा विषय प्रशासनाचा आहे, आपल्या घराशी त्याचा काय संबंध, असे एखाद्यास वाटेल. परंतु रात्री दोन वाजता घरात कोणाच्या पोटात कळा सुरू होतात, तेव्हा कोठे जावे, कोणाला कळवावे आणि सोबत काय न्यावे हे कुटुंबालाच ठरवावे लागते. यंत्रणेची रचना ज्याला ठाऊक आहे, त्याचा अशा वेळी कमी वेळ वाया जातो.

समजण्यास सोपे जावे म्हणून आपण एका गरोदर स्त्रीचा प्रवास डोळ्यांसमोर आणू. ही कोणी विशिष्ट व्यक्ती नाही. अशा कितीतरी सुना आणि लेकी आपल्या नात्यात असतील. तिचे सासर सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील एका वाडीत आहे आणि माहेर सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात. पहिलेच बाळंतपण आहे, त्यामुळे सातव्या महिन्यात ओटीभरण झाले की ती माहेरी जाणार हे दोन्ही घरी ठरलेले आहे.

गावपातळीवरची रचना

पाळी चुकल्याचे कळताच तिची पहिली गाठ पडते ती आशा कार्यकर्तीशी. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा साधारणतः एक हजार लोकसंख्येमागे एक आशा असे सूत्र ठरले. आशा त्याच गावची असते. ती शासनाची पगारी कर्मचारी नाही. केलेल्या कामाच्या नोंदीनुसार तिला मोबदला मिळतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आशा तिला उपकेंद्रात नेते. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असे राष्ट्रीय निकष सांगतात. तेथे आरोग्यसेविका असते. जुन्या पिढीतील मंडळी तिला आजही ‘नर्सबाई’ म्हणतात. अलीकडे बहुतेक उपकेंद्रांवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी लागली आहे आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्यात आले आहेत. तीस वर्षांवरील व्यक्तींचा रक्तदाब व मधुमेह तपासणे, तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचणी करणे ही कामेही आता उपकेंद्राच्या पातळीवर अपेक्षित आहेत.

उपकेंद्राच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र येते. तीस हजार लोकसंख्येमागे, आणि डोंगरी भागात वीस हजारांमागे, एक असा त्याचा निकष. तेथे वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माण अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आरोग्य सहायक आणि सहायिका असा चमू असतो, आणि साधी प्रसूती तेथे होऊ शकते. लसींचा साठा येथेच असतो. लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. म्हणून लसीकरणाच्या दिवशी ती सकाळी बर्फाच्या पेटीतून गावात नेली जाते आणि उरलेली संध्याकाळी केंद्रावर परत आणली जाते. ‘लस उद्या देतो, ठेवून द्या’ असे का करता येत नाही, याचे उत्तर या पेटीत आहे.

गावागावांत आरोग्य केंद्रे असावीत ही कल्पना १९४६ च्या भोर समितीच्या अहवालापासूनची. परंतु तिला माणसाचा चेहरा देण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड येथे गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यकार्याचे शिक्षण दिले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावच्या स्त्रीच्या हाती नवजात बाळाची घरगुती काळजी सोपवली, आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज आशा बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते, त्यामागे ही परंपरा आहे.

एका जिल्ह्यात दोन वरिष्ठ

आता जी गोष्ट सांगायची आहे ती फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखालची उपकेंद्रे ही जिल्हा परिषदेची असतात. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमानुसार १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्याचे प्राथमिक काम त्यांच्याकडे आले. या कामाचे प्रमुख म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि त्यांचे प्रशासकीय वरिष्ठ जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. तालुक्याच्या ठिकाणी तालुका आरोग्य अधिकारी असतात.

याउलट, तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, पन्नास किंवा शंभर खाटांचे उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय या संस्था थेट राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या असतात. त्यांचे जिल्ह्यातील प्रमुख म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि जिल्हा शल्यचिकित्सक या दोघांवर परिमंडळाचे आरोग्य उपसंचालक असतात. राज्यात अशी आठ परिमंडळे आहेत: ठाणे, नाशिक, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अकोला आणि नागपूर. त्यांच्यावर संचालक आणि आयुक्त.

त्यापलीकडे वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. ती वेगळ्याच, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात. गेल्या काही वर्षांत अनेक जिल्ह्यांत नवी शासकीय महाविद्यालये निघाली आणि तेथील जिल्हा रुग्णालये त्यांना जोडली गेली. महानगरपालिकांचे दवाखाने आणि रुग्णालये हा आणखी एक स्वतंत्र संसार. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. पिण्याच्या पाण्याचे निर्जंतुकीकरण ग्रामपंचायतीकडे. त्यासाठी गावात जलसुरक्षक असतो, तर पाणी तपासून गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याचे काम आरोग्य यंत्रणा करते.

ही विभागणी सकारण आहे. गावाजवळचे काम लोकनियुक्त संस्थेकडे असावे आणि तज्ज्ञ उपचारांचे काम राज्याकडे असावे, हा विचार चुकीचा नव्हता. अडचण एवढीच, की आजार या सीमा पाळत नाही. आपली पाटणची सून उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते तोवर ती एकाच छत्राखाली असते. तेथून तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवले, की ती एका प्रशासनातून दुसऱ्यात जाते. तेथून वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले, तर तिसऱ्यात. प्रत्येक ठिकाणी वही निराळी, केसपेपर निराळा, वरिष्ठ निराळे. या साऱ्या संस्थांतून सलग प्रवास करणारी दोनच माणसे असतात: स्वतः रुग्ण आणि तिच्या सोबतचा नातलग. आणि सलग प्रवास करणारी एकच वस्तू असते, ते कार्ड.

सातव्या महिन्यातली फट

आता ओटीभरणानंतरचा प्रवास पाहू. पाटणच्या वाडीत तिची नोंद बारा आठवड्यांच्या आत झाली आहे. पाचव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन आठ ग्रॅम निघाले. गरोदरपणात ते अकराच्या खाली असले तर रक्तक्षय समजतात, आणि सातच्या खाली गेले तर तो तीव्र समजतात. आरोग्यसेविकेने लोहाच्या गोळ्या वाढवून दिल्या आणि महिन्याने पुन्हा तपासणी करण्यास सांगितले. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तेथे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिच्या कार्डावर लाल खूण केली. अर्थ असा, की हे बाळंतपण जोखमीचे मानावे आणि रक्त उपलब्ध असलेल्या ठिकाणी करावे.

पुढच्या आठवड्यात ती माहेरी गेली. कार्ड सासरी कपाटात राहिले. आईने विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘तपासण्या झाल्यात सगळ्या.’

येथे काय घडते ते पाहा. पाटणची आशा तिच्या घरी जाते, तेव्हा सासूबाई सांगतात, ‘सून माहेरी आहे.’ आशा वहीत तशी नोंद करते आणि समजते की आता तिकडची आशा बघेल. आटपाडीच्या आशेच्या यादीत हे नावच नाही. लग्न होऊन गेलेली लेक गावात आली आहे एवढेच तिला उडत उडत कळते. हे दोन जिल्हे आहेत, आणि परिमंडळेही दोन: सातारा पुण्याच्या परिमंडळात येतो, सांगली कोल्हापूरच्या. दोन्हीकडील माणसे आपापले काम चोख करीत आहेत, आणि तरीही ही एक बाई कोणाच्याच लक्षात नाही.

नवव्या महिन्यात डोके दुखू लागते, चेहऱ्यावर सूज येते. माहेरच्या केंद्रात रक्तदाब वाढलेला आढळतो. डॉक्टर विचारतात, ‘आधी किती होता?’ सांगता येत नाही. ‘हिमोग्लोबिन?’ ‘कमी होतं म्हणाले होते.’ पाच महिन्यांचा रक्तदाब आणि दोन वेळचे हिमोग्लोबिन हे सारे त्या एका कार्डावर लिहिलेले आहे. ते कार्ड शंभराहून अधिक किलोमीटरवर एका पिशवीत आहे. डॉक्टरांना सर्व तपासण्या पहिल्यापासून कराव्या लागतात आणि आधीच कमी असलेला वेळ आणखी कमी होतो.

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांनी विलंबाचे तीन प्रकार सांगितले आहेत. १९९४ मध्ये सिरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी मांडलेली ही विभागणी आजही जगभर वापरली जाते. पहिला विलंब घरी होतो: दवाखान्यात जावे की नाही, हे ठरवण्यात. दुसरा वाटेत होतो: वाहन, रस्ता, अंतर. तिसरा रुग्णालयात पोहोचल्यावर होतो: डॉक्टर, रक्त, शस्त्रक्रियागृह मिळण्यात. आपल्या राज्यात प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते आणि हे तिन्ही विलंब तपासले जातात. पहिला विलंब बहुतांशी कुटुंबाच्या हाती असतो. दुसऱ्या-तिसऱ्यावर यंत्रणेचा ताबा अधिक असला, तरी त्यांतील काही मिनिटे कुटुंबालाही वाचवता येतात. कार्ड सोबत असणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय.

बाळंतपणानंतरची फट

बाळंतपण सुखरूप झाले असे समजू. बाळ दोन किलो दोनशे ग्रॅमचे आहे. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला अधिक जपावे लागते. त्याला उबेत ठेवणे, वरचेवर अंगावर पाजणे आणि त्याच्या वजनावर लक्ष ठेवणे गरजेचे असते. याचसाठी आशेच्या गृहभेटी ठरवलेल्या आहेत. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. घरी प्रसूती झाली असेल, तर पहिल्या दिवशीही.

परंतु रुग्णालयाने घरी सोडल्याची बातमी आशेपर्यंत आपोआप पोहोचेलच असे नाही. तिच्या यादीत नाव नसेल तर भेटी ठरणार नाहीत, आणि तिचा मोबदला नोंदीशी जोडलेला असल्याने दुसऱ्या गावच्या नोंदीतील बाळासाठी केलेले काम कोणाच्या खाती लिहायचे हा प्रश्नही उरतो. ज्या बेचाळीस दिवसांत बाळ आणि बाळंतीण सर्वांत नाजूक असतात, तेवढेच दिवस नेमके दोन वह्यांच्या मध्ये पडतात. पुढे सव्वा महिन्याने वा तीन महिन्यांनी ती सासरी परतते. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींपैकी कोणती कोठे झाली, हे पुन्हा त्या कार्डावरूनच कळायचे असते.

हाच प्रश्न ऊसतोडणी कामगारांच्या घरांत याहून तीव्र असतो. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या बाळांच्या लसी याच काळात येतात. कारखान्याच्या तळावर मूल कोणत्याच गावाचे नसते. कायद्याने मात्र तसे नाही. लसीकरण आणि गरोदरपणाची तपासणी यांसाठी रहिवासी दाखला लागत नाही. आपण आज जेथे आहोत, तेथील केंद्राने ती सेवा द्यायची असते.

आपल्या हक्काचे काय

खर्चाची भीती हा विलंबाचा मोठा भाग असतो, म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे सांगतो. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय आरोग्य संस्थेत प्रसूती, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त आणि बाळंतिणीचा आहार हे सारे विनामूल्य आहे. साध्या प्रसूतीत तीन दिवस आणि शस्त्रक्रियेत सात दिवस आहार मिळतो. घरून रुग्णालयात, एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि परत घरी असा वाहनाचा खर्चही त्यात येतो. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही हे लागू आहे. परतीचे वाहन अनेक कुटुंबे मागतच नाहीत, कारण ते मिळते हेच ठाऊक नसते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीतील सर्व संस्थांत सर्वांनाच विनामूल्य उपचार देण्याचा राज्य शासनाचा निर्णय लागू झाला. केसपेपरचेही पैसे नाहीत. परंतु वर सांगितलेली विभागणी येथे आठवावी. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये त्या विभागाची नाहीत, त्यामुळे हा निर्णय त्यांना लागू होत नाही. ‘तिकडे फुकट होते, इकडे पैसे का?’ या वादाचे मूळ बहुधा एवढेच असते.

तातडीच्या वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिच्यात डॉक्टर असणे अपेक्षित आहे. गरोदर स्त्रिया व बाळांसाठी १०२ क्रमांकाचे वाहन असते. सल्ला किंवा तक्रार यांसाठी १०४. हे तीन आकडे घरातील लहानथोर सर्वांना पाठ असावेत.

मग कुटुंबाने काय करावे

प्रथम, कार्डाची जागा बदलावी. ते सासरच्या कपाटात नसावे आणि माहेरच्याही नसावे. गरोदर स्त्री जेथे असेल तेथे, तिच्या हाताशी असावे. त्याच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये ठेवावे. रक्तगट, प्रत्येक रक्तदाब आणि हिमोग्लोबिन वाचता येईल असे लिहून घ्यावे. तपासणी झाली आणि कार्डावर आकडा आला नाही, तर आरोग्यसेविकेला नम्रपणे तो लिहिण्यास सांगावे. त्यात संकोच नको.

दुसरे, ओटीभरणाच्या यादीत एक काम वाढवावे. लेकीला आणायला जाणाऱ्या वडिलांनी वा भावाने सासरच्या आशेला भेटून सांगावे की तिला अमुक गावी नेत आहोत. शक्य असल्यास दोन्ही गावच्या आशांना एकमेकींचे दूरध्वनी क्रमांक द्यावेत. माहेरी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच तेथील उपकेंद्रात कार्ड दाखवावे. त्यावर माता नोंदणीचा क्रमांक असतो, त्यावरून तिची आधीची नोंद शोधता येते. साडी, नारळ आणि हिरव्या बांगड्यांच्या बरोबरीने हे काम केले, तर ओटी खऱ्या अर्थाने भरली असे म्हणता येईल.

तिसरे, बाळंतपण कोठे करायचे हे आठव्या महिन्यातच ठरवावे. कार्डावर लाल खूण असेल, तर केवळ जवळ आहे म्हणून लहान केंद्र निवडू नये. रक्त व शस्त्रक्रियेची सोय कोणत्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात आहे, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधीच विचारून ठेवावे. दुर्गम आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ असते. तेथे दिवस भरत आलेल्या स्त्रीला आधी येऊन राहता येते.

चौथे, धोक्याची लक्षणे सर्वांना ठाऊक असावीत. गरोदरपणात रक्तस्राव, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, ताप, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे. नवजात बाळात दूध न ओढणे, अंग थंड पडणे, जोराचा श्वास, झटके, तळहात-तळपाय पिवळे दिसणे. यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नये.

पाचवे, रुग्णालयातून निघताना घरी सोडल्याचा कागद घ्यावा आणि त्याच दिवशी गावच्या आशेला दाखवावा. बाळाला जन्मताच द्यावयाच्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब या लसी झाल्या का, हे कार्डावर पाहून घ्यावे. कावीळ ब ची पहिली मात्रा चोवीस तासांच्या आत द्यायची असते.

तक्रार आणि सहभाग

हे सारे कुटुंबावर टाकून यंत्रणेने मोकळे व्हावे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. रिक्त पदे, रात्री जागेवर नसलेले डॉक्टर, संपलेली औषधे हे प्रश्न खरे आहेत आणि ते शासनानेच सोडवायचे आहेत. औषधांच्या खरेदीसाठी २०२३ मध्ये राज्याने कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले, ते याच तक्रारींच्या पार्श्वभूमीवर. परंतु तक्रार योग्य दारी गेली तरच तिचा उपयोग होतो. प्राथमिक आरोग्य केंद्र वा उपकेंद्राविषयी गाऱ्हाणे असेल, तर ते तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे लेखी द्यावे. ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयाविषयी असेल, तर तेथील वैद्यकीय अधीक्षक आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे. एकाचा अर्ज दुसऱ्याकडे गेला, की महिनाभर तो नुसता फिरत राहतो.

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. त्यांची बैठक कधी झाली हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीची प्रक्रिया सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्या केंद्राला गुण दिले, जनसुनावण्या झाल्या, अधिकारी समोर बसून उत्तरे देऊ लागले. त्या अनुभवाचा धडा असा, की लोक नीट माहिती घेऊन प्रश्न विचारतात तेव्हा कामचुकार माणूस सावध होतो आणि मन लावून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला बळ मिळते. आपल्या उपकेंद्राची आरोग्यसेविका पावसात ओढा ओलांडून वाडीवर येत असेल, तर तेही ग्रामसभेत मोठ्याने सांगावे.

लेखाच्या आरंभी ज्या कार्डाचा उल्लेख केला, ते आज घरी शोधून पाहा. घरात कोणी गरोदर असेल, तर शेवटचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन काय लिहिले आहे ते वाचा. घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर एखादी लस राहिली आहे का ते तपासा. राहिली असेल, तर उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. जवळच्या केंद्रात विचारा, बहुतेक लसी उशिरानेही देता येतात. आणि लेक माहेरी यायची असेल, तर आजच तिला दूरध्वनी करून सांगा: ‘येताना कपडे राहिले तर चालतील, कार्ड विसरू नकोस.’